बिनकाथ्याची भिंत

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन तिसरं वर्ष लागलं. इतके दिवस लिहायचं धाडस झालं नाही. आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसवेना.

आमच्या सरांनी परदेशातून एक तार मागवली आहे. ताणून ठेवलेली ही तार गरम केली की आखडून पुन्हा मूळ लांबीवर येते. तिचे बारीक तुकडे आम्ही सिमेंट-वाळूच्या मालात कालवले आणि त्याची पट्टी ओतली. पक्की झाल्यावर भेग पडेपर्यंत वाकवली, मग गरम केली. बाबा, भेग मिटत आली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि रडले.

कारण मालात धागे घालणारा माणूस मी घरातच पाहिला होता. भिसेगावच्या आपल्या ओट्यावर बसून तुम्ही जुन्या दोरांचा काथ्या पिंजायचात, बोटभर कातरायचात आणि भिजवून गिलाव्याच्या मालात मिसळायचात. विचारलं की म्हणायचात, "भिंत सुकताना आखडते गं. ह्यो काथ्या तिला धरून ठेवतो." एवढंच तुमचं शास्त्र. तेच सांगायला सरांना फळा भरून आकडे लागतात.

आणि मी काय केलं? डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, नवी नवी शहाणी. कशेळ्याला गुरुजींच्या घराचा गिलावा चालला होता, तुमचा डबा घेऊन आले होते. गुरुजींच्या देखत म्हणाले, "बाबा, मालात कुजणारं काही घालायचं नसतं, पुस्तकात लिहिलंय." पुस्तकात ते वाळूतल्या पालापाचोळ्याबद्दल होतं, हे पुढे कळलं. गुरुजींनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही घमेलं रिकामं केलंत आणि बिनकाथ्याचा माल कालवलात.

महिन्याभरात पश्चिमेची भिंत तडकली. गुरुजी भर बाजारात म्हणाले, "गवंड्याने सिमेंट खाल्लं." मी तुमच्या शेजारी उभी होते. माझं एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही. कशेळ्यात पुन्हा तुम्हाला कुणी काम दिलं नाही.

तुम्ही तरी का ऐकून घेतलंत? परतताना एसटीत विचारलं तर म्हणालात, "माझं काय, थापी कुठंबी चालंल. पोरीला काय येत नाय, असं नको म्हनायला कुनी."

मला याचा राग येतो, बाबा, अजून येतो. मी इतकी नाजूक नव्हते. माझ्या चुकीचा भार मला उचलू द्यायला हवा होता तुम्ही.

गुरुजी आता थकलेत, पण आहेत. संध्याकाळी त्यांच्या अंगणात गावची माणसं बसतात. येत्या रविवारी मी कशेळ्याला जाणार आहे. सगळे बसलेले असतील तेव्हाच सांगेन, की गवंड्याने सिमेंट पुरेपूर घातलं होतं. काथ्या काढायला त्याच्या शिकलेल्या मुलीने लावलं. त्यांना पटलं नाही, तर त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.

तुमची,
सुमन