सिद्धीची रायफल आणि अक्कलकोटचे पाहुणे

सोलापूर, मंगळवार

श्री. प्रभुलिंग दाजींना मेहुणा मल्लिकार्जुनचे शरणु शरणार्थ.

वळसंगला सगळे खुशाल असतील, तुमचा गुडघा वाकत असेल आणि नवी म्हैस आता लाथ मारत नसेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही माझं अर्धं ऐकून ‘बरं बरं’ म्हणता आणि फोन ठेवता (अक्काशीही असंच बोलता, असं ती म्हणते). पत्र मध्येच ठेवता येत नाही. येत्या रविवारी अक्कलकोटची मंडळी सिद्धीला बघायला येणार, तिला शनिवारीच पाठवा, हा तुमचा निरोप मिळाला. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी तुमची लेक आमच्या घरी राहून काय शिकते आहे ते ऐका.

कॉलेजात तिने एन.सी.सी. घेतली ते तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे एकदा सगळ्या पोरींना खरी रायफल चालवायला दिली. बाकीच्या पोरी आवाजाने दचकल्या. आपल्या सिद्धेश्वरीने गोळ्या अशा मारल्या की कागदावर एकच भोक दिसत होतं. तेव्हापासून ती नेमबाजीच्या रेंजवर जाते, आणि तिथले गुरुशांत सर (हे कुणाचीही स्तुती करत नाहीत, चहा चांगला झाला तरी गप्प पितात) मला म्हणाले, “हिला स्वतःची रायफल घ्या.” मी छाती फुगवून तयार झालो. तर कळलं, बारुदाच्या रायफलीचं लायसन स्वतःच्या नावावर पाहिजे तर वय एकवीस पूर्ण लागतं. सिद्धी एकोणीस. दाजी, मला राग आला हो! अठराव्या वर्षी मत देता येतं, गाडी चालवता येते, मुलीचं लग्नसुद्धा लावता येतं, पण बंदुकीला एकवीस. म्हणजे सरकारच्या मते नवरा सांभाळायला अक्कल कमी लागते, बंदूक सांभाळायला जास्त. (आमची ही, शिवबाई, म्हणाली, सरकारनं संसार केलेला दिसत न्हाय.)

मी लगेच तोडगा काढला. माझं वय एक्कावन्न, दुकानदार माणूस, चारित्र्य स्वच्छ. लायसन माझ्या नावावर काढू, बंदूक तू वापर. पोरगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी गिऱ्हाइकाला पानिपतची चादर सोलापुरी म्हणून विकली. म्हणाली, “मामा, हे दुसऱ्याच्या नावानं परीक्षेला बसल्यासारखं झालं की. मी दोन वर्षं थांबते. तवर छर्ऱ्याची घेऊ, तिला लायसन लागत न्हाय.” तोडगा मी तिथेच सोडला. तिच्या वयात आपण इतके शहाणे होतो का, हे तुम्हीच सांगा. तुम्ही तर नव्हताच, अक्काने सगळं सांगितलं आहे.

मग पुण्याच्या दुकानात गेलो. तिघे. मी चादर पारखतो तशा एकेका रायफलीच्या लाकडावरून हात फिरवला आणि काळसर चकचकीत अशी एक पसंत केली. शिवबाईने सगळ्यात हलकी निवडली, “पोरीचा खांदा दुखंल की.” सिद्धीने दोन्ही बाजूला सारल्या आणि दुकानदाराला विचारलं, डावखुऱ्यांची आहे का? (जेवताना तिचा डावा हात पुढे आला की तुम्ही डोळे वटारत होता. तो हात काही विसरला नाही, दाजी.) दुकानदाराने कोपऱ्यातून एक काढली. न लाकूड, न चकाकी, पिठाच्या गिरणीचा निखळलेला भाग वाटावा असं रूप. सिद्धीने ती खांद्याला लावली, गाल टेकवला, डोळे मिटले. मग उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. मला वाटलं पोरगी प्रार्थना करते आहे. ती म्हणाली, “डोळे मिटून उघडल्यावर नेम होता तितंच राहिला पायजे. न्हाय राहिला तर ती रायफल आपली न्हाय.” दुकानदाराचा चहा गार झाला, पण तिने घाई केली नाही. खरं सांगतो, मी इतकी वर्षं धंदा करतोय, असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मला फार अभिमान वाटला.

खंडेनवमीला दुकानातली कात्री, गज आणि कॅल्क्युलेटर यांच्या शेजारी रायफल मांडली. शिवबाईने तिला झेंडूची माळ घातली, तीन बोटांनी विभूती लावली आणि आतल्या देवाला काही मिळालं नाही असं वाटू नये म्हणून चिमूटभर नळीतही सोडली. दुसऱ्या दिवशी रेंजवर सिद्धीने पहिला छर्रा मारला, तर पांढरा धूर! छर्रा शेजारणीच्या कागदावर. गुरुशांत सर धावत आले. “घरची पूजा हाय सर,” एवढंच ती म्हणाली, खाली बसली आणि सगळी नळी शांतपणे पुसून काढली. पुढचा छर्रा बरोब्बर मधोमध. घरी येऊन मामीला रागावली नाही. पूजा लई भारी झाली म्हणाली, फक्त पुढच्या वर्षी विभूती बाहेरूनच, आतला देव छर्रेच खातो.

असो. म्हशीला माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
मल्लिकार्जुन

ता. क. उत्तर राहिलंच. येत्या रविवारी विद्यापीठाच्या संघाची निवड आहे. सिद्धीची ती पहिलीच. पाहुण्यांना बघायचंच असेल तर त्यांनी रेंजवर यावं. मुलगी मान न वळवता, एक शब्द न बोलता उभी असेल. बघण्याच्या कार्यक्रमात यापेक्षा जास्त काय लागतं?

ता. क. दुसरा. तसं नको असेल तर असं करा. जी पोरगी कायद्याचा मान राखून रायफलीसाठी दोन वर्षं थांबते, तिच्यासाठी नवऱ्यालाही दोन वर्षं थांबवा. दोघांनाही एकवीसच ठेवू.

ता. क. तिसरा. अक्का काल सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून आली होती. दर्शन झालं, मग ती रेंजवर गेली आणि लेकीच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती. आता हे पत्र तिनेच वाचलं आणि म्हणाली, “एवढं लांबण कशाला लावलंस? पोरगी येणार न्हाय, असं लिही की.” तेव्हा, पोरगी येणार नाही. पत्र अक्काच्याच हाती देतोय. वाचून झालं की मान वर करा, ती समोर उभी असेल. ‘नाही’ तिला तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.