माणगंगेचा क

कराड,
शुक्रवार, दि. २२ मे १९९८

चि. राजरत्न यास,

तात्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं इकडं बरे आहोत, तुम्ही तिघं इस्लामपुरात बरे असाल असं धरून चालतो. तुझ्या आईचा गुडघा उन्हाळ्यात कुरकुरत नाही, त्यामुळं सध्या ती माझ्यावर कुरकुरते. प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची घाई आहे. लालासाहेब मालकांनी कॉम्प्युटरच्या खोलीला वाळ्याचा पडदा लावलाय. म्हणतात, "केरू, तुला घाम आला तर चालंल, मशीनला न्हाई आला पायजे."

माझ्या नातीची, अक्षताची, नव्या शाळेची तयारी चालली असेल. ट्रंक घेतली का? आई विचारत होती. बरं, ट्रंकेचं राहू दे.

मंगळवारी फोनवर तू म्हणालास, "तात्या, तेवढं सोडून बोला." तेवढं सोडलं तर माझ्याकडं बोलायला काय उरलं, बाळा? तू फोन ठेवलास म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितो. त्यात तुला ठाऊक असलेलंही येईल, पण वाच.

प्रश्नपेढीची कल्पना तुझी. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शाळांनी आपापले प्रश्न एकाच ठिकाणी टाकायचे आणि पेपर काढताना तिथूनच उचलायचे. लालासाहेबांनी विचारलं होतं, "पेढी म्हणतूयास तर व्याज काय देणार?" तू म्हणाला होतास, "मालक, आडरानातल्या पोराला शहरातल्या पोराइतकाच चांगला पेपर मिळंल, हेच व्याज." त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. मी शाळेची पायरी चढलो नाही, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवता जुळवता अक्षरं शिकलो, आणि माझा मुलगा असं बोलत होता. मग शाळांकडून प्रश्न भरलेल्या फ्लॉप्या यायला लागल्या. कुणी एसटीच्या कंडक्टरजवळ दिल्या, एका मास्तरांनी तर भाकरीच्या फडक्यात बांधून आणल्या. म्हातारपणी कीबोर्ड शिकून मी त्या सगळ्या एकत्र केल्या.

त्याच पेढीतून निवासी शाळेच्या निवड परीक्षेचा पेपर निघाला. निकाल लागला आणि गेल्या आठवड्यात आटपाडीची एक बाई पोरीला घेऊन प्रेसच्या दारात आली. लीलाबाई तिचं नाव. पोरगी पिंकी. निकालाबरोबर आपण शाळांना उत्तरं छापून पाठवली होती ना, तो कागद पोरीच्या हातात होता.

लीलाबाई म्हणाली, "आवं, हितं पेपर छापत्यात ते तुमीच का? मग सांगा, आमची माणगंगा कवा वाळव्याला गेली?"

मी म्हणालो, "बाई, काहीतरी घोटाळा असेल."

"पाणी न्हाई तिच्यात, त्ये खरं हाय. पर नदी जागची हलली न्हाई अजून. आमच्या पोरीनं आटपाडी लिवलं तर चूक म्हणं."

मी हसलो आणि त्यांना चहा पाजला. त्या गेल्यावर कॉम्प्युटर उघडला आणि एकेक प्रश्न उत्तराशी ताडून पाहिला.

साताऱ्याकडच्या मास्तरांनी पर्यायांना अ, ब, क, ड लिहिलं होतं. सांगलीकडच्यांनी क, ख, ग, घ. तू म्हणालास, सगळीकडं अ, ब, क, ड करा. मी केलं. प्रश्नांतले पर्याय नीट बदलले. उत्तरांची फाइल वेगळी होती. तिथं ख दिसला की ब केला, ग चा क केला, घ चा ड केला. पण मूळचा क दिसला तेव्हा त्याला हात लावला नाही, कारण क तर अ, ब, क, ड मध्येही आहे. तो मला घरचाच वाटला. सांगलीच्या मास्तरांचा क म्हणजे पहिलं उत्तर, त्याचा अ करायला हवा होता. माझ्या हाताखाली ते तिसरं झालं. माणगंगा कोणत्या तालुक्यातून वाहते, या प्रश्नात आटपाडी पहिलं होतं, वाळवा तिसरं. सांगलीकडच्या ज्या ज्या प्रश्नाचं खरं उत्तर पहिलं, तो प्रत्येक प्रश्न असाच फिरला. ज्यांना येत होतं त्यांचे मार्क गेले.

जन्मभर खिळे जुळवले, राजरत्न. खिळ्यांच्या पेटीत, केसमध्ये, प्रत्येक अक्षराला आपला खण असतो आणि अंधारातही हात बरोबर तिथंच जातो. त्या हातानंच घात केला. चूक माझी आहे. पेढीच्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणून तू जो कागद लिहिशील त्यावर माझं नाव लिही, तुझं लिहू नकोस.

तू फोनवर म्हणालास, आता ओरड केली तर पेढी बुडेल, दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळा अंग काढून घेतील. खरं असेल. पण जूनमध्ये हेच प्रश्न परत जाणार आहेत सगळ्या शाळांना. मग आटपाडीच्या पोरांनी स्वतःच्या नदीचं नाव दरसाल चुकवायचं का?

काल मी आप्पासोंकडं गेलो होतो. कमिटीचे अध्यक्ष म्हणून मी त्यांच्यापुढं हात जोडले. ते म्हणाले, "एका क पायी दोन जिल्हं उठवायचं व्हय, केरू? सेक्रेटरीनं लिहून दिलं तर बघतो. पर कुणाच्या ताटातला घास जाणार, त्ये बघितलंस का?"

बघितलंय, बाळा. हेच लिहायचं मी इतका वेळ टाळत होतो. उत्तरपत्रिकांची पोती प्रेसमध्येच आहेत. मी सगळ्या काढल्या आणि खऱ्या उत्तरांनी परत तपासल्या. शेवटची जागा पिंकीची आहे. त्या जागेवर आज आपल्या अक्षताचं नाव आहे. तिनं आपला तालुका म्हणून वाळव्यावर खूण केली होती. तसंच आणखी काही ठिकाणी तिचं चुकलेलं बरोबर धरलं गेलं. लेकराचा यात काहीच दोष नाही. पेढे मीच वाटले होते गल्लीत. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. ती ट्रंकेवर घालायला वाकळ शिवते आहे, आणि मी समोर बसून सुईत दोरा ओवून देतो.

अक्षता इस्लामपुरात तुझ्याच घरात राहून शिकेल. रडेल, माझ्याशी बोलणार नाही, पण शिकेल. पिंकीचा बाप गलाईच्या धंद्यात, कोईमतूरला सोनं-चांदी गाळतो. इथं जागा नाही म्हटल्यावर तो दोघींना तिकडं नेणार आहे. तिथं तिला ना भाषा, ना शाळा. आणि सोमवारी यादी पक्की होते. तू लिहून दिल्याशिवाय ती उघडणार नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या कंपोझिटरचं कोण ऐकतं? सगळ्या दारांवर डोकं आपटून झालं, तुझंच राहिलंय.

अक्षताला माझ्याकडं पाठव. आज्ज्यानं तुझी जागा घालवली, हे तिला मीच सांगतो. तू वाईट होऊ नकोस.

आणखी एक. हे पत्र टपालानं येणार नाही. टपालात टाकलं असतं तर सोमवारनंतर मिळालं असं म्हणायला तुला वाट राहिली असती, आणि पत्र टाकलं होतं असं म्हणायला मलाही. लीलाबाई आज पिंकीला घेऊन परत आली. "तुमचा ल्योक सेक्रेटरी हाय म्हणं, त्येंना एकदा इचारा की." तिच्याच हातात हे देतोय. आत काय लिहिलंय ते तिला ठाऊक नाही. तिला वाटतं, तिच्या पोरीसाठी मी शब्द टाकलाय.

म्हणजे तू हे वाचतोस तेव्हा त्या दोघी तुझ्या दारात उभ्या आहेत. दार अक्षतानंच उघडलं असेल. उन्हातून आल्यात, आधी पाणी दे. मग काय ते तुझ्या तोंडानं सांग.

मला उत्तर नको. त्यांना दे.

तुझा बाप,
केरू