लाल काठाचा एप्रन बंद करण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, भंडारा.

अर्जदार: कौशल्या बाबूलाल धकाते, धंदा विणकाम, रा. मौजा पिंपळझरी, जि. भंडारा.

विषय: पिंपळझरी येथील सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत लेकरांच्या अंगावर टाकण्यात येणारा, अर्जदाराने विणलेला कपडा ताबडतोब बंद करून लेकरांचे फोटो लेकरांच्या मापाने काढण्याबाबत.

संदर्भ: १) याच विषयावर दवाखान्यास दिलेले अर्ज. २) त्यांवर आलेली उत्तरे, जी या विषयावर नाहीत.

महोदय,

१. अर्जदार ही वरील ठिकाणची कायम रहिवासी असून तिचे अख्खे आयुष्य हातमागावर गेले आहे. तिची नात राखी, वय वर्षे सहा, हिच्या उजव्या खुब्याच्या हाडाला आजार आहे. हाड कसे भरून येत आहे ते पाहण्यासाठी काही काही महिन्यांनी तिचा फोटो काढावा लागतो. फोटो काढण्यास अर्जदाराची हरकत नाही. हे आधीच स्पष्ट करण्याचे कारण असे की, ही बाई एक्स-रेच्याच विरोधात आहे अशी आवई दवाखान्यात उठवून झाली आहे.

२. पहिल्या फोटोच्या वेळी मशीन चालवणारे श्री. चंद्रकुमार यांनी स्वतःच्या अंगात जाडजूड एप्रन चढवला आणि राखीला नुसत्या फ्रॉकवर टेबलावर निजवले. लेकराला का नाही, असे विचारता ते म्हणाले, "काकू, तो शिशाचा हाय, एकच हाय, अन् मोठ्या माणसाच्या मापाचा हाय. पोरगी दबून जाईन त्याच्याखाली." अर्जदाराला हे म्हणणे रास्त वाटले. अडचण मापाचीच असेल तर ती तिच्या हातची गोष्ट होती. तिने घरी येऊन दुहेरी सुताचा, ठोकून ठोकून घट्ट केलेला कपडा विणला आणि न कापता चार घड्या घालून टाचला. बिनकाठाचे कोरे पांढरे कापड लेकराच्या अंगावर टाकण्याची विणकरांच्या घरात रीत नाही, म्हणून त्याला लाल काठ घातला. शिसे आणि सूत यांतला फरक तिला कळायला हवा होता, असे आता जो तो म्हणतो. तिला एवढेच ठाऊक होते की वारा असो, थंडी असो की ऊन, घट्ट विणीतून काही आत येत नाही. चंद्रकुमार यांनी कपडा उलटासुलटा करून पाहिला आणि "मस्त बनवला, काकू" म्हणाले. अर्जदाराची तेव्हा छाती फुगली होती.

३. पुढच्या फोटोला तो कपडा राखीच्या पोटावर पिन लावून बसवला. दुसऱ्या लेकरांच्याही कामी येईल म्हणून दवाखान्याने तो ठेवून घेतला, आणि अर्जदाराने आनंदाने दिला. मग ती फोटो घेऊन नागपूरला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. पिन लख्ख दिसत होती. बाई म्हणाल्या, "आजी, ही पिन दिसते ना? मग तुमचा कपडा कुठं आहे, दाखवा बरं." कपडा कुठेच नव्हता. चार घड्यांची त्याची सावलीसुद्धा पडली नव्हती, किरणे सरळ आरपार गेली होती. अर्जदाराला तिथेच रडू आले, ते लपवण्याचे काही कारण नाही. बाईंनी तिला बसवून समजावले की शिशाच्या एप्रनवरही सगळी भिस्त ठेवू नये. गरजेच्या फोटोला भ्यायचे नाही आणि बिनगरजेचा काढायचा नाही. काढायचा तर मशीन लेकराच्या वजनाप्रमाणे कमी लावायची, दुखते तेवढ्याच भागावर किरणे सोडायची, आणि जुन्या फोटोवर भागत असेल तर नवा काढायचा नाही. राखीच्या फोटोत खुबा मागितला होता, आणि बरगड्यांपासून गुडघ्यापर्यंत पोरगी आली होती.

४. अर्जदार दुसऱ्याच दिवशी कपडा परत मागायला गेली. चंद्रकुमार म्हणाले, "आता तो तुमचा नाही राहिला, काकू. रजिस्टरले चढला. मी देऊन टाकला तं साहेब मलेच धरतीन." रजिस्टरात 'एप्रन, बालकांसाठी, लाल काठाचा, नग एक' अशी नोंद झाली होती. मग अर्जदाराने लेखी अर्ज दिला की मशीन लेकरांच्या मापाने लावावी. उत्तर आले की बालकांसाठी एप्रन उपलब्ध असल्याने आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे. तिने पुन्हा लिहिले की तो एप्रन नाही, सुती कपडा आहे, आणि हे विणणारीच सांगत आहे. उत्तर आले की सदर कपडा किरणे अडवत नसल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे. तो किरणे अडवतो याबद्दल मात्र कोणी कोणाला प्रमाणपत्र मागितले नव्हते. तिसऱ्या अर्जाला उत्तर म्हणून थेट गौरवपत्र आले. दवाखान्याच्या तपासणीला आलेल्या पथकाला लाल काठ फार आवडला असून पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार आहे, आणि इतर दवाखान्यांसाठीही असेच एप्रन विणून द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. अर्जदाराचे पती बाबूलाल म्हणाले, "घेऊन टाक ना शाल, थंडीत कामी पडन." त्यांच्याशी अर्जदार सध्या बोलत नाही.

५. इथवर हसण्यावारी नेता आले असते. पण मागच्या आठवड्यात नाकाडोंगरीची रुखमिणी नावाची बाई माहेरी आली असता खोकणाऱ्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि फोटोची गरज नाही म्हणून सांगितले. तीच हटून बसली, "काढून घ्या ना जी फोटो, आता तं कपडा हाय, काही होत नाही." फोटो निघाला. पोरगा हलला म्हणून पुन्हा निघाला. दोन्ही वेळा अंगावर लाल काठ होता. अर्जदार बाहेर बाकावर होती. तिने बाईला खरे ते सांगितले, तर बाई म्हणाली, "तुम्हीच विणला अन् तुम्हीच नाव ठेवता?" पूर्वी आया भिऊन का होईना, दोन प्रश्न विचारत होत्या. ते प्रश्न या कपड्याने बंद पाडले, आणि तो अर्जदाराच्या हातचा आहे. या विचाराने तिचा जीव जळतो, मागावर बसवत नाही. तेव्हापासून ती रोज एक्स-रे खोलीबाहेर बसून येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते. त्याबद्दल शासकीय कामात अडथळा आणल्याची नोटीस तिला मिळाली आहे. गौरवपत्र आणि नोटीस या दोन्हींवर सही दवाखान्याच्या एकाच साहेबांची आहे.

६. येत्या सोमवारी राखीचा पुढचा फोटो आहे. तरी विनंती की, त्याआधी कपड्याची नोंद काढून टाकावी. मशीन लेकरांच्या वजनाप्रमाणे लावण्याचा आणि किरणे दुखऱ्या भागापुरतीच सोडण्याचा लेखी आदेश व्हावा. आईने जुना फोटो आणला तर तो दुसऱ्या दवाखान्याचा आहे म्हणून बाजूला सारू नये.

आदेश न झाल्यास सोमवारी अर्जदार कात्री घेऊन जाईल. स्वतः विणलेल्या कापडाला तिने जन्मात कात्री लावलेली नाही, कापणे हे घेणाऱ्याचे काम. पण हा कपडा ती सगळ्या आयांसमोर उभा चिरणार आहे, म्हणजे आत नुसते सूत आहे हे त्यांना दिसेल. सरकारी मालाची नासधूस केली म्हणून जे कलम लागेल ते लावावे. पोलीस चौकीत नेण्यापूर्वी राखीचा फोटो होईपर्यंत मात्र थांबावे, कारण अर्जदाराने हात धरला नाही तर ती हलते, आणि हलली की पुन्हा काढतात.

आपली अजूनही नम्र,
कौशल्या बाबूलाल धकाते
(सही)

ठिकाण: पिंपळझरी
दिनांक: ९ ऑगस्ट २०१८