बाहेरची भुते आणू नयेत

कोथरूड, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

चि. सुंदरास महिपतीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच, कारण हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

मंगल कार्यालयात मी भांड्यांच्या खोलीवर असतो, हे तुला ठाऊक आहे. नवरीच्या खोलीची व्यवस्था बघणाऱ्या सुशीलाबाईंबद्दल मात्र कधी लिहिलं नव्हतं. त्याही माझ्यासारख्याच एकट्या. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, मला भुताचे सिनेमे आवडतात, पण सूनबाई घरी लावू देत नाही. त्यांच्याकडेही तीच रड निघाली. तेव्हापासून पंगत बसेपर्यंत आम्ही परातींमागे बसून त्यांच्या मोबाइलवर भुतं बघतो. मी डोळे मिटले की चेटकीण गेली का ते त्या सांगतात. त्यांनी मिटले की मी. अडचण एवढीच, की कधीकधी दोघांचेही एकदम मिटतात.

रविवारी घात झाला. सनईवाले उशिरा येणार म्हणून बाईंनी सकाळी आपल्याच मोबाइलवरून हॉलच्या स्पीकरवर सनई लावली होती. ती जोडणी बिनतारी असते, तोडायची राहिली. सिनेमाचा आवाज येईना, म्हणून आम्ही तो वाढवत गेलो. तिकडे अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि स्पीकरमधून चेटकीण किंचाळली. लोकांनी होत्या नव्हत्या त्या अक्षता एकदम फेकल्या. नवरदेव भटजींच्या मागे. मुलीच्या मामांना वाटलं, विहीणबाई रुसल्या.

मालक दत्तप्रसाद यांनी आवाज न चढवता विचारलं, की भूत वधूपक्षाचं की वरपक्षाचं, म्हणजे पान कुठे मांडायचं ते ठरवता येईल. मग म्हणाले, एक तारखेपासून दोघांपैकी एकाची रवानगी कात्रजच्या कार्यालयात.

सुंदरा, मला अन्न गोड लागत नाही. सुदर्शनला कळलं तर तो आपल्या म्हाताऱ्या बापाला घरीच बसवेल. आणि बाई कात्रजला गेल्या, तर मी कुणाच्या भरवशावर डोळे मिटू?

प्रकृतीला जप, आणि या भित्र्या भावावर माया ठेव.
तुझा
महिपती


कारंजा
१७ फेब्रुवारी २०२५

ती. महिपतीभाऊस सुंदराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की नात निकिता स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावत आली. अंधारात परसात जायचं तर धाकट्या बहिणीच्या हाती कंदील देऊन तिला पुढे घालणारा तू, आणि आता हौसेने चेटकिणी बघतोस!

राग मानू नकोस, पण वहिनी गेल्यापासून तुझ्या पत्रांत गोळ्यांच्या नावांशिवाय काही नसायचं. हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तेव्हा मालकांसमोर उभा राहा आणि दोघांना एकाच ठिकाणी ठेवा म्हणून सांग.

बाई स्वयंपाकाला कशा आहेत, ते लिहिलं नाहीस. मी मनात काही आणून विचारत नाही.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. लोभ आहेच, पत्रं अशीच येऊ देत.
तुझी
सुंदरा


कोथरूड, पुणे
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सुंदरास अ. आ. वि. वि.

गेलो. आधाराला एक परात धरून गेलो. मालकांना म्हणालो, पाठवायचं तर दोघांना पाठवा, नाहीतर दोघांनाही काढा. त्यांनी कारण विचारलं. सांगून टाकलं, की एकट्याने भूत बघवत नाही.

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात पुढच्या लग्नातल्या मुलीचे वडील आले. तिने त्या रविवारच्या किंकाळीचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ पाहिला होता. मांडवात येताना तिला धूर हवाच होता, आता किंकाळीही हवी. जावयांची हरकत नाही, पण भटजींना आधी कल्पना द्या, असं सांगून ते गेले. कात्रज रद्द झालं. किंकाळ्या निवडायचं काम आम्हा दोघांकडे आलं, आणि दारावरच्या पाटीत, बाहेरचा केटरर चालणार नाही याच्या खाली, मालकांनी नवी ओळ रंगवून घेतली: भुते कार्यालयातर्फेच पुरवली जातील. बाहेरची भुते आणू नयेत.

सुदर्शनला खराडीच्या ऑफिसात कुणीतरी तोच व्हिडिओ दाखवला. हल्ली लोक काय थराला जातात, असं तो जेवताना म्हणाला. मी मान हलवली.

बाईंची भरली वांगी उत्तम असतात. मीही मनात काही आणून लिहीत नाही.

आता खरी काळजी. कामाचं भूत बघताना मुळीच भीती वाटत नाही, म्हणून बाई म्हणाल्या, दहा मार्चच्या सोमवारी सुट्टी आहे तर थिएटरात जाऊ. मी हो म्हणून बसलो. मधली एक खुर्ची रिकामी सोडावी की नाही, तेवढं उलटटपाली कळव.

तुझा
महिपती