सरासरीला थंडी वाजत नाही

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हातमोजे घालून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. आमच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने काल सगळ्या खोल्यांच्या हीटरचं मुख्य बटण बंद केलं. का, तर एप्रिलचं सरासरी तापमान अठरा! आज खिडकीबाहेरचा पारा सहावर आहे. तसं सांगितलं तर म्हणतो, आजचा दिवस अपवाद आहे. मी म्हटलं, बाबा रे, थंडी अपवादातच वाजते, सरासरीत नाही.

माझ्या खोलीतली निवृत्त टायपिस्टबाई रात्रभर खोकते. गेल्या वर्षी न्यूमोनियातून जेमतेम उठली. पुन्हा गारठा लागला तर खैर नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ती मात्र म्हणते, जाऊ द्या, कशाला वाईटपणा घ्यायचा. वाईटपणा घ्यायला मी आहे की!

आणि ही जागा शोधलीस तू. तुझ्या गावाएवढीच सरासरी म्हणून!

कळावे. लोभ आहेच, तूर्त राग जास्त आहे.
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक कबूल. माझ्या दारात समुद्र. इथे अठरा म्हणजे अठराच, फार तर सतरा, फार तर एकोणीस. अख्खा एप्रिल एका स्वेटरवर निघतो. आकडा तोच, म्हणजे हवाही तीच, असं वाटलं. तुमच्याकडे समुद्र नाही, हे डोक्यातच आलं नाही.

पण भांडू नकोस गं. त्याने जागा सोडायला सांगितलं तर कुठे जाशील? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरशी हुज्जत घातलीस आणि वर्गाबाहेर मलाही उभं राहावं लागलं. मी तर तोंडही उघडलं नव्हतं! दोन शाली पाठवते आहे. एक टायपिस्टबाईंना दे.

मोठेपणाने सांभाळून घे, ही विनंती.
तुझी धाकटी

११ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाली पोचल्या. दोन्ही टायपिस्टबाईच्या अंगावर घातल्या. मग व्यवस्थापकाचं दार ठोठावलं, तर आतून उबदार झुळूक आली. साहेबांच्या टेबलाखाली वेगळा हीटर!

नाश्ता झाल्यावर आम्ही साऱ्याजणी खुर्च्या, विणकाम, पत्ते आणि औषधांचे डबे घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. ही बसायची जागा नाही म्हणाला. मी म्हटलं, आजचा दिवस अपवाद आहे. तेव्हा चिडून त्याने मला जागा सोडायची नोटीस देण्याची धमकी दिली.

तुझं ते ‘कुठे जाशील?’ आठवलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात टायपिस्टबाई दोन शालींतून उठली. खोकत खोकत म्हणाली, नोटीस मीच टाइप करून देते, फक्त आम्हा सगळ्यांची नावं घालते. एकेक बाई आपलं नाव सांगू लागली. दुपारच्या आत हीटर सुरू!

गंमत पुढेच. काल पारा अठ्ठावीसवर. साहेब हसत दारात हजर, आता काय म्हणता म्हणून. म्हटलं, बंद करा. आम्ही काय हीटरशी लग्न लावलंय? आता रोज सकाळी टायपिस्टबाई पारा बघते आणि ती सांगेल तसं बटण दाबलं जातं. खोकला उतरणीला लागलाय, आवाज मात्र चढलाय.

तुझे ते अठरा अजून एकदाही इकडे फिरकलेले नाहीत. आलेच, तर चहा पाजून तुझ्याकडे परत पाठवीन.

लोभ असू दे. शाली परत मिळणार नाहीत.
ताई