रुमली ऐकते, ही माझी नोंद खोटी आहे

प्रति,
मा. बालविकास प्रकल्प अधिकारी साहेब,
बालविकास प्रकल्प कार्यालय, डोंगरखर्डे,
जि. नंदुरबार.

अर्जदार : दिवलीबाई भीमसिंग वसावे, अंगणवाडी सेविका, निंबीपाडा.

विषय : कोरोना काळात खोटी नोंद केल्याबद्दल मला सेवेतून कमी करणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर : "सदर बालिका नोंदीनुसार ऐकते, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, मी एकोणीस वर्षांपासून निंबीपाडा येथे सेविका आहे. घरी आम्ही भिली बोलतो. मराठी मला शाळेने आणि आपल्या परिपत्रकांनी शिकवली, तरी लिहिण्यात चूकभूल झाल्यास माफी असावी. नोंदीत जी चूक झाली तिच्यासाठी मात्र माफी मागत नाही, शिक्षा मागते.

१) मार्च २०२० मध्ये अंगणवाडी बंद झाली. साथ असली तरी लहान मुलांचा विकास थांबू देऊ नये, दरमहा गृहभेट देऊन विकास तक्ता भरावा, तसेच कोणाच्या घरात शिरू नये व मुलाला हात लावू नये, असे सर्व आदेश एकाच कागदावर आले. घरात न शिरता गृहभेट कशी द्यायची ते कागदावर नव्हते. पुढे पाड्यात दोन माणसे दगावली, त्यांत माझा दीर जामसिंग होता. तेव्हा पाड्याने आपली वाट आपणच काट्या टाकून बंद केली. बाहेर ये-जा करणारी मी एकटीच, म्हणून रोग दिवलीच आणते असे बायका बोलू लागल्या. ज्यांच्या पोरांना मी मांडीवर घेऊन भरवले त्याच ह्या बायका. मी काट्यांच्या अलीकडे उभी राहून काम केले. पोषण आहाराची पाकिटेही तिथेच ठेवून मागे सरत होते.

२) इंद्रसिंग यांची मुलगी रुमली, जन्म नोव्हेंबर २०१९. बाप शहाद्याकडे केळीच्या कामावर अडकलेला, आई दिवसभर शेतात, मुलगी आजीजवळ. आमच्याकडे आजी मुलाला फडक्यात घालून कडेला बांधते आणि तशीच सगळी कामे करते. तक्त्यात सात महिन्यांच्या मुलासाठी प्रश्न आहे : हाक मारल्यावर वळते का? मी तोंडाला मास्क बांधून, काट्यांच्या अलीकडून, जीव तोडून "रुमलीऽऽ" अशी हाक मारली. आजी माझ्याकडे वळली. तिच्या कडेला बांधलेली रुमलीही वळली. मी 'होय' लिहिले. पुढच्या महिन्यातही तसेच. आठ महिने वळत होती ती आजी, आणि बरोबरची खूण मी करत होते रुमलीच्या नावापुढे. पुढचे रकाने मी मागचे पाहून भरले, हेही कबूल करते.

३) मुलांशी दिवसभर बोला, गाणी म्हणा, त्याने मेंदू वाढतो, असा निरोप आपल्या आदेशानुसार मी काट्यांवरून ओरडून दिला. आजीने तो इमानाने पाळला. दळताना, भाकरी थापताना, लाकडे फोडताना ती रुमलीला गाणी म्हणत राहिली. दोन वर्षे म्हणत राहिली. साहेब, हे लिहिताना मला फार लाज वाटते.

४) फेब्रुवारी २०२२ मध्ये अंगणवाडी उघडली आणि रुमली प्रथमच माझ्याजवळ बसली. तिच्या मागे स्टीलची थाळी पडली. सगळी मुले दचकली, ही दाणे निवडत राहिली. मी स्वतः तिच्या पाठीमागे थाळी तीन वेळा वाजवली. मग मला तिथेच रडू आले. त्याच दिवशी पर्यवेक्षिका ममता मॅडम यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "दिवली, तू येडी शे का? आपला प्रकल्प शंभर टक्के शे." मॅडम वाईट नाहीत. त्यांच्याही वर कोणी आहे.

५) एप्रिलच्या आरोग्य तपासणी शिबिरात मी रुमलीला घेऊन गेले. तिचे नाव यादीत नव्हते. डॉक्टरांनी दयेने पाच मिनिटे पाहिले व सांगितले, जिल्ह्याला मशीनवर कान तपासा, बोलणे रुजायची वर्षे हीच असतात, एक महिनासुद्धा घालवू नका. परंतु मशीनच्या तपासणीला चिठ्ठी लागते. चिठ्ठी यादीतल्यांनाच मिळते. यादी तक्त्यावरून निघते. तक्ता दुरुस्त करायला मुलगी ऐकत नसल्याचा दाखला लागतो. आणि दाखला तपासणीनंतर मिळतो. ह्या प्रत्येक दारात मी दोनदा जाऊन आले, रुमलीला उचलून. तिसऱ्या अर्जावर मला नोटीस आली : नोंद खरी असेल तर तक्रार का केली, आणि खोटी असेल तर शंभर टक्के गृहभेटींचे प्रशस्तिपत्र का स्वीकारले? घ्या ते परत. सोबत जोडले आहे.

६) आपल्या कार्यालयातील लिपिकांकडून कळले की, सेविकेवर खोट्या नोंदीची कारवाई झाली तरच तिच्या नोंदी रद्द होतात व मुलांची फेरतपासणी लागते. करिता विनंती की, मला सेवेतून काढावे. आदेशात कारण 'खोटी नोंद' असेच लिहावे. 'प्रकृती' किंवा 'वैयक्तिक कारण' लिहू नये, त्याचा मुलीला काही उपयोग नाही. राजीनामा मी देणार नाही, राजीनाम्याने नोंद खरीच राहते. पुढील शिबिर २५ जुलै रोजी आहे. आदेश त्याआधी निघावा.

७) माझ्या तक्त्यात आणखी बावीस मुले आहेत. त्यांच्याही नोंदी मी काट्यांच्या अलीकडूनच केल्या. त्यांतली कोण ऐकते, कोणाला दिसते, कोण नीट चालते, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मला कमी करताना ह्या बावीस जणांचीही नावे आदेशात घालावीत.

आजवर आपल्या प्रत्येक आदेशाप्रमाणे वागलेली,

(सही)
दिवलीबाई भीमसिंग वसावे
निंबीपाडा, दि. १४ जुलै २०२२

सोबत :
१) विकास तक्त्याच्या प्रती.
२) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत.
३) नोटिशीची प्रत.
४) कु. रुमली इंद्रसिंग, वय दोन वर्षे आठ महिने. कार्यालयाच्या बाहेरील ओट्यावर आजीजवळ बसली आहे. खात्री करायची असल्यास आजीला आधी बाजूला बसवावे, आणि मग हाक मारावी.