प्रार्थनेतली गाळलेली ओळ

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय, तेही तक्रार घेऊन. तक्रार माझीच माझ्याविरुद्ध आहे, म्हणून दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

बोर्डिंगचं स्वयंपाकघर आठवतं. बाबा गेल्यावर तू तिथं मुलींचा स्वयंपाक करायचीस आणि शाळा सुटली की मी पिठाच्या डब्याला टेकून अभ्यास करायची. एके दिवशी साखर कमी भरली म्हणून मेट्रनबाईंनी सगळ्या मुलींसमोर तुझी पिशवी उलटी करायला लावली. पिशवीतून पडला माझा उसवलेला फ्रॉक आणि सुईदोरा. बाई "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. तू फ्रॉक उचललास, झटकलास आणि चपात्या लाटायला बसलीस. साखर कुणी नेली ते कधीच कळलं नाही. दादाला आणि मला घेऊन तू जाणार तरी कुठं? पुढं कितीतरी वर्षं त्याच बाईंचं ताट वाढत राहिलीस.

त्या संध्याकाळपासून घरी रोज म्हणायच्या प्रभूच्या प्रार्थनेत तुझा आवाज एका जागी थांबायला लागला. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर, असं मागणारी ती ओळ. दादा आणि मी म्हणायचो, तू गप्प. पुढच्या ओळीला परत सुरू. मला वाटलं, तू विसरतेस. मी मोठ्या शहाणपणानं आठवण करून दिली, तर म्हणालीस, "इसरली न्हाय मी. जे माझ्याच्यानं हुईना, ते देवाला कुठल्या तोंडानं सांगू? आन् तू प्रार्थनंत डोळं मिटून बसत जा."

मी कॉलेजात असताना कळलं, रिटायर झालेल्या मेट्रनबाई कळंब्याकडं एका खोलीत एकट्याच अंथरुणाला खिळल्यात. तू हुलग्याचं पातळ, गरम माडगं केलंस, डब्यात भरलंस आणि मला म्हणालीस, "चल." बसमध्ये मी तोंड फुगवून बसलेली. बाई चार चमचे प्यायल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." बस्स. पिशवीचं नाव नाही. परतताना मी तुझ्यावरच भडकले, तर तू हसायलाच लागलीस. "कमीच झालतं की मीठ." मग जरा चालून गेल्यावर म्हणालीस, "ती 'चुकले' म्हणायची वाट बघत बसले, तर त्या ओळीबिगरच मरंन की मी." त्या संध्याकाळी तू ती ओळ म्हणालीस. तुझा आवाज चिरकला. मी डोळे उघडून बघत होते आणि तू रागावली नाहीस.

आता दादाचं सांगते. तू गेलीस त्या दिवशी तो पुण्याहून निघतो म्हणाला आणि निघालाच नाही. कबर खणून तयार, पाळकसाहेब दोनदा घड्याळ बघून गेले, मी सगळ्यांना म्हणतेय, येईलच एवढ्यात. शेवटी त्याच्या वाट्याची मूठभर मातीही मीच टाकली. तिसऱ्या दिवशी आला. "साहेबानं सोडलं नाही," म्हणाला, जेवला आणि गेला. तेव्हापासून ती ओळ आली की माझी वाचा बसते. तुझ्याच पोटची मी, दुसरं काय होणार?

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. वहिनी वारल्यापासून एकटाच आहे, गुडघे दुखतात, नाताळाला चार दिवस येऊ का, म्हणाला. मातीच्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि आठ दिवस नुसती धुमसत होते. तुझी फार आठवण आली, आई. तू डबा आधी नेलास, ओळ नंतर म्हणालीस, हे मला या वयात उमगलं. काल फोन करून सांगितलं, ये, माडगं करते. तो म्हणाला, "मीठ बेतानं घाल, बीपी हाय."

हे पत्र तुझ्या गायनाच्या पुस्तकात ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळीही त्या ओळीला आवाज निघाला नाही. लेक डोळे उघडून माझ्याकडं बघत होती, म्हणून मी नुसते ओठ हलवले. तू असलं कधी केलं नसतंस.